वाण नाही, पण गुण लागला

स्तनातली गाठ तपासताना डॉक्टरांच्या बोटांना सगळ्यात आधी जाणवतो तो तिचा टणकपणा. हा टणकपणा कर्करोगाच्या पेशींचा असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या पेशी बऱ्यापैकी मऊ असतात. बोटांना लागतं ते त्यांच्याभोवती साचलेलं कोलॅजेन तंतूंचं दाट जाळं, म्हणजे गाठीच्या शेजारची ऊती. संशोधक व्हॅलरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये हा कडकपणा मोजून 2005 मध्ये आकडे प्रसिद्ध केले. निरोगी स्तनग्रंथीचा कडकपणा साधारण 170 पास्कल भरला, गाठीचा 4,000 च्या घरात. म्हणजे वीस पटींहून जास्त फरक.

ही शेजारची ऊती कर्करोगाच्या गोष्टीत फार काळ नेपथ्यातच राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्यांचं लक्ष गाठीतल्या पेशींकडे, त्यांच्या केंद्रकांकडे, त्यांच्या जनुकांकडे. बाजूचे तंतू, मेद, रक्तवाहिन्या, मधूनमधून दिसणाऱ्या लांबट फायब्रोब्लास्ट पेशी हे नुसतं भरताड. गेल्या चाळीसेक वर्षांत हे चित्र बरंच पालटलं. पेशीच्या आत कुठलं जनुक बोलतं राहील आणि कुठलं गप्प बसेल, यात पेशीबाहेरच्या मंडळींचा मोठा हात असतो, हे आता प्रयोगांनी दाखवलं आहे.

आधी शेजार नीट पाहू. स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी आणि ते वाहून नेणाऱ्या नलिका यांचा वाटा तसा कमीच. ग्रंथींच्या आणि नलिकांच्या भिंतीत पेशींचे दोन थर असतात. आतला थर ग्रंथींमध्ये दूध तयार करणारा, बाहेरचा आकुंचन पावून ते पुढे ढकलणारा. या दोन थरांभोवती लॅमिनिनसारख्या प्रथिनांचं एक पातळ आधारपटल, आणि त्याच्या पलीकडे तंतुमय ऊती, मेद, रक्तवाहिन्या, रोगप्रतिकारक पेशी. स्तनाचे बहुतेक कर्करोग नलिकांच्या आणि ग्रंथींच्या पेशींतून सुरू होतात, पण त्यांना राहायचं असतं या सगळ्या गोतावळ्यात. मॅमोग्राममध्ये पांढरा दिसणारा ‘घन’ भाग म्हणजे मुख्यतः ही तंतुमय ऊती आणि ग्रंथी. ज्या स्त्रियांच्या स्तनाचा 75 टक्के किंवा त्याहून अधिक भाग असा घन दिसतो, त्यांना 10 टक्क्यांहून कमी घनता असणाऱ्यांपेक्षा कर्करोगाचा धोका चार ते पाच पट असतो. शेजार महत्त्वाचा असल्याची ही पहिली खूण. पण खूण म्हणजे कारण नव्हे.

आता जनुक गप्प होतं म्हणजे काय, ते पाहू. जनुक निकामी होण्याचा माहितीतला मार्ग म्हणजे उत्परिवर्तन. डीएनएमधली अक्षरंच बदलतात, गळतात किंवा जास्तीची येतात. आईवडिलांकडून आलेला बीआरसीए-1 जनुकातला दोष या प्रकारातला. दुसरा मार्ग अधिक बेरकी आहे. अक्षरं जशीच्या तशी राहतात, पण जनुक वाचलंच जात नाही. जनुकाच्या सुरुवातीला एक प्रवर्तक भाग असतो, तिथून वाचन सुरू होतं. या भागातल्या सी या अक्षरापुढे जी येत असेल, तर त्या सीवर मेथिल गट चिकटवता येतो. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढासा तो गट. पण प्रवर्तकावर असे गट दाटीने बसले की वाचणारी यंत्रणा तिथे फिरकत नाही. सोबतीला हिस्टोन असतात. डीएनए या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि त्यांच्यावरच्या ठराविक रासायनिक खुणांनी ती गुंडाळी घट्ट होते. ईझेडएच-2 नावाचं एन्झाइम अशी एक खूण करतं आणि आक्रमक स्तन-कर्करोगात ते बऱ्याचदा वाजवीपेक्षा जास्त सापडतं.

घराण्यात दोष नसलेल्या रुग्णांतही दहातल्या एखाद्या गाठीत बीआरसीए-1 अशा रीतीने बंद पडलेलं दिसतं. आरएएसएसएफ-1ए हे पेशींच्या वाढीला लगाम घालणारं जनुक तर स्तनाच्या कर्करोगात याच पद्धतीने फार वारंवार गप्प होतं. ई-कॅडहेरिन हे प्रथिन पेशींना एकमेकींना धरून ठेवतं. त्याचं जनुक गप्प झालं की पेशी सुटतात.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपल्याकडे म्हणतात. इथेही वाण, म्हणजे डीएनएचा मजकूर, बदललेला नसतो. बदलतो तो गुण. आणि पवळ्याला गुण लागतो तो शेजारी कोणीतरी बांधलेलं असतं म्हणून, हेही इथे तंतोतंत लागू आहे. फक्त हे सिद्ध व्हायला वेळ लागला.

या सिद्धतेमागे मिना बिसेल यांचा हट्ट आहे. इराणमध्ये जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत कारकीर्द घडवलेल्या या शास्त्रज्ञ. 1982 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक सैद्धांतिक निबंध लिहिला. पेशीबाहेरचं जाळं केंद्रकापर्यंत निरोप पोहोचवतं आणि केंद्रकही उलट ते जाळं बदलतं, असं त्याचं सूत्र होतं. त्या काळी जनुक हे सर्वेसर्वा मानलं जात होतं, त्यामुळे या म्हणण्याला फारसा भाव मिळाला नाही. पण त्यांच्या समोर एक साधं निरीक्षण होतं. दूध देणाऱ्या उंदराच्या स्तनातल्या पेशी काढून प्लास्टिकच्या बशीत वाढवल्या, तर त्या वाढतात, पण दुधातलं केसीन तयार करणं लवकरच सोडून देतात. त्याच पेशी लॅमिनिनयुक्त मऊ जेलमध्ये ठेवल्या, की गोल पोकळ ग्रंथी बांधतात आणि पुन्हा दुधाची प्रथिनं करू लागतात. जनुकं तीच, अंगाखालचं अंथरूण वेगळं.

त्याहून थक्क करणारा प्रयोग 1984 चा. पेटन राऊस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोंबड्यांमध्ये कर्करोग घडवणारा विषाणू शोधला होता. त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं ते 1966 मध्ये, अर्धशतकाहून अधिक काळाने! हा विषाणू वाढ झालेल्या पिलाला टोचला की गाठ होते. डेव्हिड डॉलबर्ग आणि बिसेल यांनी तोच विषाणू अंड्यातल्या चारेक दिवसांच्या गर्भात सोडला. गाठ झाली नाही. विषाणू आत नीट पोहोचला होता, त्याचं कर्करोगकारक जनुक कामही करत होतं. पण गर्भाची ऊती त्याला दाद देत नव्हती. मग त्याच गर्भाच्या पेशी सुट्या करून बशीत ठेवल्या आणि लगोलग त्यांनी कर्करोगी रूप धरलं. शेजाऱ्यांपासून तोडल्या आणि बिघडल्या.

1997 मध्ये वीव्हर, बिसेल आणि सहकाऱ्यांनी उलटी दिशा दाखवली. माणसाच्या स्तनातल्या कर्करोगी पेशी जेलमध्ये अस्ताव्यस्त ढीग करून वाढतात. पेशीच्या पृष्ठभागावर बाहेरच्या जाळ्याला धरून ठेवणारी इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. त्यांपैकी एकाला प्रतिपिंडाने अडवलं, तर त्याच पेशी वाढ थांबवून नीटस गोलाकार ग्रंथी बांधू लागल्या. त्यांच्या डीएनएमधले दोष होते तसेच होते. प्रतिपिंड काढून घेतलं, की पहिले पाढे पंचावन्न.

इथपर्यंतचं काम पेशी कशी वागते याबद्दलचं होतं. जनुकांच्या प्रवर्तकावर नेमका मेथिल गट शेजाऱ्यांमुळे बसतो का, हा प्रश्न उरलाच होता. त्याचं एक थेट उत्तर अमेरिकेत टिम हुआंग यांच्या गटाने 2008 मध्ये दिलं. मला या विषयातला हा सगळ्यात बोलका प्रयोग वाटतो, म्हणून थोडा तपशिलात सांगतो.

स्तनाच्या गाठीतून फायब्रोब्लास्ट वेगळे काढले. या कर्करोगी नसलेल्या, तंतू विणणाऱ्या पेशी. पण गाठीच्या सहवासात राहिल्याने बदललेल्या. त्यांच्याबरोबर स्तनाच्या आवरण-पेशी, म्हणजे नलिकांच्या आणि ग्रंथींच्या भिंतीतल्या पेशी, एकाच बशीत वाढवल्या. काही काळाने आवरण-पेशींतली बरीच जनुकं मंदावली. त्यांतलं एक सिस्टॅटिन एम. या जनुकाचं प्रथिन शेजारची प्रथिनं कुरतडणाऱ्या एन्झाइमांना आवर घालतं, म्हणून त्याची गणना कर्करोगाला रोखणाऱ्या जनुकांत होते. ते गप्प कसं झालं याचा क्रम संशोधकांनी शोधला. फायब्रोब्लास्टच्या सहवासामुळे आवरण-पेशींत आयएनपीपी-4बी हे लगाम घालणारं प्रथिन दबलं. लगाम सुटल्यावर एकेटी-1 हे निरोप्या एन्झाइम चेकाळलं. त्यानंतर सिस्टॅटिन एमच्या प्रवर्तकावर हिस्टोनच्या गप्प करणाऱ्या खुणा उमटल्या आणि डीएनएवर नव्याने मेथिल गट बसले. आणि या सगळ्यासाठी फायब्रोब्लास्ट आणि आवरण-पेशी यांचा अंगाला अंग लागून संपर्क महत्त्वाचा ठरला.

इथे एक वर्तुळ पुरं होतं. शेजाऱ्याने जे जनुक गप्प केलं, ते शेजार राखणारंच होतं. ते बंद पडल्यावर कुरतडणारी एन्झाइमं मोकाट सुटतात, भोवतालचं जाळं विस्कटतं आणि पेशीला पसरायला वाट मिळते. नेमकं कुठलं टोक आधी, हे विचारण्यात मग फारसा अर्थ राहत नाही.

शेजारी हे काम आणखीही वाटांनी करतात. टीजीएफ-बीटा नावाचा निरोप फायब्रोब्लास्टसह गाठीच्या परिसरातल्या अनेक पेशी सोडत असतात. बोस्टन विद्यापीठातल्या सॅम थियागलिंगम यांच्या गटाने 2010 मध्ये दाखवलं, की हा निरोप सतत येत राहिला तर ई-कॅडहेरिनसारख्या जनुकांचं मौन टिकून राहतं. निरोप आत पोहोचवणारी साखळी तोडली की मेथिल गटांचं बसणं, म्हणजे मेथिलेशन, उतरतं आणि जनुकं पुन्हा बोलू लागतात. ‘टिकून राहतं’ हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. मेथिल गट एकदा बसला की कायमचा, अशी आपली समजूत असते. पेशी विभागली की नव्या डीएनएवर त्या खुणा डीएनएमटी-1 हे एन्झाइम पुन्हा उतरवून काढतं. ते काम दर पिढीला करावं लागतं. म्हणजे जनुक गप्प ठेवणं ही चालू क्रिया आहे, आणि त्या क्रियेला बाहेरून रसद मिळत असते.

तिसरी वाट प्राणवायूची. रक्तवाहिनीपासून साधारण एक-दोन दशांश मिलिमीटरपलीकडे प्राणवायू पोहोचत नाही. गाठ वेगाने वाढते, रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या, त्यामुळे गाठीचे काही कप्पे कायम गुदमरलेले असतात. मेथिल गट काढून टाकण्याचं काम टीईटी नावाची एन्झाइमं सुरू करतात आणि त्यांना प्राणवायू लागतो. मेथिल गट बसवणाऱ्यांना तो लागत नाही. परिणाम सरळ आहे: बसवणं चालू, काढणं ठप्प. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन इथे बर्नार्ड तीनपाँ, दीदर लाम्ब्रेख्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हे दाखवलं. उंदरांच्या स्तनातल्या गाठींचा प्राणवायू कमी केल्यावर मेथिलेशन वाढलं. रक्तपुरवठा सुधारून प्राणवायू पूर्ववत केल्यावर ही वाढ रोखली गेली. रुग्णांच्या गाठींतही प्राणवायूला आचवलेल्या भागांत कर्करोग रोखणाऱ्या जनुकांवर मेथिल गट जास्त सापडले. वेगाने वाढणाऱ्या गाठीत मेथिलेशन जास्त का असतं, याचं बरंचसं उत्तर शेजारच्या नळाला पाणी कमी येतं यात निघालं.

आणि मग सुरुवातीचा टणकपणा. तो नुसता लक्षण म्हणून राहत नाही. स्टॅनफर्डमध्ये ओविजित चौधुरी यांच्या प्रयोगशाळेत रायन स्टोअर्स यांनी स्तनाच्या निरोगी आवरण-पेशी मऊ आणि कडक अशा दोन जेलमध्ये वाढवल्या. रसायनं तीच, फरक फक्त कडकपणाचा. कडक जेलमधल्या पेशी गाठीसारख्या वागू लागल्या आणि त्यांच्या केंद्रकात डीएनएची गुंडाळी कुठे उघडी, कुठे बंद, हा नकाशाच बदलला. 2019 मधल्या त्यांच्या लेखातलं हे निरीक्षण. बिसेल यांच्या प्रयोगशाळेत आधी असंही दिसलं होतं, की पसरलेल्या पेशीला गोल आकार घ्यायला लावलं, तर तिच्या हिस्टोनवरच्या खुणा बदलतात. बाहेरचा ताण पेशीच्या सांगाड्यातून केंद्रकाच्या भिंतीपर्यंत पोहोचतो आणि तिथून गुंडाळीवर. रेणूंच्या निरोपाइतकाच हा खेचाखेचीचा निरोप खरा आहे.

शेजारी मात्र स्वच्छ, निष्पाप बसलेले असतात असं समजू नये. बोस्टनमधल्या डाना-फार्बर संस्थेत कॉर्नेलिया पॉल्याक यांच्या गटाने 2005 मध्ये गाठीतल्या वेगवेगळ्या पेशी एकेक गट करून वेगळ्या केल्या आणि त्यांचं मेथिलेशन तपासलं. बदल कर्करोगी पेशींत तर होतेच, पण फायब्रोब्लास्टसारख्या शेजारच्या पेशींतही ठळकपणे वेगळे होते. म्हणजे गुण दोन्हीकडून लागतो. टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सोननशाइन यांच्या गटाने 2004 मध्ये उंदीरवर्गातल्या रॅटवर केलेला प्रयोग तर याहून पुढे जातो. कर्करोगकारक रसायन त्यांनी फक्त भोवतालच्या ऊतीला दिलं आणि तिच्यात रसायन न लागलेल्या आवरण-पेशी बसवल्या, गाठी झाल्या. उलट रसायन लागलेल्या आवरण-पेशी निरोगी ऊतीत बसवल्या; गाठी झाल्या नाहीत. या दोघांनी यावरून जनुकदोषाची सगळी उपपत्तीच मोडीत काढायची भाषा केली. ते मला पटत नाही. आनुवंशिक बीआरसीए दोष असलेल्या घरांतल्या बायकांना विचारा. पण प्रयोग मात्र बाजूला सारता येत नाही.

गुण लागतो तसा सुटतोही, याचं उदाहरण ई-कॅडहेरिनचं आहे. पेशी मूळ गाठीतून सुटताना हे जनुक गप्प केलेलं असतं. मग दूरच्या अवयवात रुजलेल्या गाठींमध्ये ते पुन्हा बोलताना का दिसतं? जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी 2000 मध्ये याचा माग काढला. आक्रमक पेशींना पटलातून पार जायला लावलं तर प्रवर्तकावरचं मेथिलेशन वाढतं. त्याच पेशी एकमेकींना धरून गोळा करतील अशा रीतीने वाढवल्या तर ते उतरतं. पुढे पिट्सबर्गमध्ये 2010 च्या सुमारास दिसलं, की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी यकृताच्या पेशींबरोबर वाढवल्या की मेथिल गट गळून ई-कॅडहेरिन परत येतं. यकृताचा शेजार मिळाला म्हणून जनुक बोलतं झालं, आणि त्याचा फायदा रुग्णाला नाही, पेशीला झाला. नव्या घरात पाय रोवायला तिला ते हवंच होतं.

आता औषधांकडे. मेथिल गट बसू न देणारी ॲझासायटिडिन आणि डेसिटाबिन ही औषधं अस्थिमज्जेच्या काही आजारांत कामाची ठरली. अमेरिकेत त्यांना 2004 आणि 2006 मध्ये परवानगी मिळाली. स्तनाच्या घट्ट गाठीत मात्र त्यांनी निराशा केली. हिस्टोनवर काम करणाऱ्या एन्टिनोस्टॅटकडून मोठ्या आशा होत्या. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत त्याने रुग्णांचं आयुष्य वाढवलं नाही. त्याच जातीच्या ट्युसिडिनोस्टॅटला चीनमध्ये 2019 मध्ये स्तन-कर्करोगासाठी मान्यता मिळाली, कारण तिथल्या चाचणीत संप्रेरक-औषधाच्या जोडीने आजार लांबवता आला. गोम अशी, की रक्ताच्या आजारात औषध पेशीपर्यंत सहज पोहोचतं, आणि गाठीत आधी ते कोलॅजेनचं जाळं पार करावं लागतं. शिवाय मेथिल गट पुसले तरी टीजीएफ-बीटा येतच आहे, प्राणवायू तुटपुंजाच आहे, जाळं कडकच आहे. रसद न तोडता मेथिल गट पुसत राहण्याला किती अर्थ, असा प्रश्न त्यातून उभा राहतो, आणि मला वाटतं पुढची औषधं जोडीनेच द्यावी लागतील.

अक्षरं न बदलता जनुक गप्प करणाऱ्या अशा खुणांना ‘एपिजेनेटिक’ म्हणतात. हा शब्द ऐकला की आपल्याकडे लगेच काढे, डिटॉक्स आणि ‘जनुकं जागी करणारा आहार’ विकणारे पुढे होतात. वर सांगितलेल्या एकाही प्रयोगात रुग्णाच्या स्वभावाचा, चिंतेचा किंवा तिने काय खाल्लं याचा संबंध नाही. शेजार म्हणजे मिलिमीटरच्या काही अंशांवर बसलेल्या पेशी आणि तंतू.

शेजाराला हात घालण्याचा एक मोठा प्रयत्न मुंबईच्या पुढाकाराने झाला आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या 11 केंद्रांत सुमारे 1,600 स्त्रियांवर ही चाचणी झाली. निम्म्या जणींना शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या भोवतालच्या ऊतीत 0.5 टक्के लिडोकेन टोचलं. दात काढताना हिरडी बधिर करतात तेच औषध. पाच वर्षांनंतर आजारमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण लिडोकेन गटात 86.6 टक्के, इतरांत 82.6, हयात असलेल्यांचं 90.1 आणि 86.4. निकाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटाला साध्या पाण्याचं इंजेक्शन दिलेलं नव्हतं, यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. लिडोकेनने बशीतल्या स्तन-कर्करोगाच्या पेशींचं मेथिलेशन उतरतं, असं 2012 मध्ये नोंदवलेलं असल्यामुळे दोन्हींची सांगड घालण्याचा मोह होतो. पण बशीत ते घडायला दिवस लागतात, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर जेमतेम सात ते दहा मिनिटं असतात. बडवे आणि सहकाऱ्यांनी त्यांचं स्पष्टीकरण सोडियमच्या वाहिन्या बंद होऊन पेशींची हालचाल रोखली जाण्याकडे नेलं आहे. परिणाम मात्र गाठीत नाही, गाठीच्या कडेला सुई घालून मिळाला.